सेन्सरला गंडवणारं नळकांडं

आपल्या होस्टेलवर हल्ली एक शब्द फार कानावर पडतो, ‘डाउनपाइप’. ज्याच्याकडे स्वतःची सायकल नाही तोही मेसमध्ये आमटीत चपाती बुडवत टर्बोच्या गप्पा हाणतोय. त्याला माझी हरकत नाही. मेकॅनिकलच्या पोरांनी टर्बोवर बोलायचं नाही तर काय वांग्याच्या भाजीवर? माझं भांडण आहे ते त्या पाइपाबरोबर गुपचूप येणाऱ्या एका बारक्या तुकड्याशी. त्याला म्हणतात ऑक्सिजन सेन्सर स्पेसर.

कॉम्प्युटर आणि सिव्हिलच्या मंडळींसाठी जरा मुळापासून सांगतो. टर्बो पेट्रोल गाडीत इंजिनातून निघालेला गरम वायू आधी टर्बाइन फिरवतो आणि मग ज्या पाइपात शिरतो तो डाउनपाइप. तिथेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचा निकाल ही जाळी लावते. पण जाळी म्हटली की अडथळा आला. टर्बाइनच्या पुढचा अडथळा काढला की टर्बाइनला जास्त दाबफरक मिळतो आणि टर्बो लवकर पकडतो. म्हणून बिनजाळीचा रुंद पाइप बसवायचा. गाडी पळते, हे खोटं नाही.

खरी गंमत पुढे आहे. एक सेन्सर जाळीच्या आधी असतो. तो ईसीयूला हवा-इंधनाचं प्रमाण सांगतो (पेट्रोलला साधारण १४.७ ला १). दुसरा जाळीच्या नंतर असतो, त्याचं मुख्य काम जाळीवर पहारा देणं. जाळीतलं सेरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तसा सोडतं. त्यामुळे आधीचं मिश्रण कितीही खालीवर झालं तरी धडधाकट जाळीमागे दुसऱ्या सेन्सरचा व्होल्टेज ०.६-०.७ च्या आसपास शांत राहतो. जाळी काढली की हाही सेन्सर नाचायला लागतो, ईसीयू ओळखतो, पी ०४२० हा कोड टाकतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

स्पेसर म्हणजे दोन्हीकडे आटे असलेलं एक नळकांडं. ते मध्ये घातलं की सेन्सर प्रवाहातून इंचभर बाहेर येतो. तोंडाशी बारीक भोक असेल तर वायू त्याच्यापर्यंत थोडा आणि उशिरा पोचतो, चढउतार बोथट होतात, आणि ईसीयूला वाटतं सगळं आलबेल आहे. नीट लक्षात घ्या, स्पेसरनं पॉवर अर्धा घोडासुद्धा वाढत नाही. पहारेकऱ्याला अफू देणं एवढंच त्याचं काम.

हे सगळं लिहायचं कारण आमच्या कवठे महांकाळचं. दिवाळीत गावी गेलो होतो. मामेभावाची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे, आणि यंदा दारात टर्बो पेट्रोल गाडी आली. रत्नागिरी-नागपूर हायवे चांगला झाल्यापासून त्याचा पाय काही वर येत नाही. बाहेरच्या एका गॅरेजात त्यानं पाइप बदलून घेतला आणि चार दिवसांत दिवा लागला. मला म्हणाला, “आरं, तू मेकॅनिकलला हाईस न्हवं? कालिजात लेथ हाय. एक बारकं नळकांडं करून दे की.”

काम अवघड नाहीच. एसएसचा तुकडा घ्या, मधून ड्रिल मारा, एका टोकाला बाहेरून आणि दुसऱ्या टोकाला आतून एम १८, दीडच्या पिचचे आटे पाडा. सेकंड इयरच्या पोराचा तासाभराचा जॉब. नेमकं म्हणूनच मला भीती वाटते, कारण अशी फर्माईश फक्त मलाच आली असेल असं नाही.

मी नाही म्हटलं. दादा रागावला. मग मी त्याला त्याच्याच भाषेत विचारलं. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट, म्हणजे लिहोसीन, सापडलं म्हणून युरोपात माल अडकला होता. त्याचे चटके आपल्या भागातल्या कितीतरी बागायतदारांना बसले. आता तपासणीला सॅम्पल न्यायला माणूस आला आणि तू त्याला फवारणी न केलेल्या कोपऱ्यातली चार झाडं दाखवलीस, तर रिपोर्ट क्लीन येईल. पण माल क्लीन होईल का? दादा गप्प बसला. पटलं म्हणून की कंटाळून, ते त्यालाच ठाऊक.

मोठ्या प्रमाणावर हाच खेळ कुणी खेळला हे आपल्याला माहीत आहे. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर ‘आत्ता टेस्ट चालू आहे’ हे ओळखून तेवढ्यापुरतं सभ्य वागायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत ते उघड झालं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयनं गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून तपासल्या, तेव्हा नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या गेल्या. मार्च २०१९ मध्ये हरित लवादानं ५०० कोटींचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं कंपनीवर सक्तीची कारवाई करायची नाही असं सांगितलं. कंपनीनं भारतात नियम मोडल्याचं कबूल केलेलं नाही, हेही सांगायला हवं. पण तेव्हा ‘हे इंजिनिअर असं करूच कसे शकतात?’ म्हणून तावातावानं बोलणारी माणसं दीड इंचाच्या नळकांड्याबद्दल ‘चलता है’ म्हणतात, हे मला झेपत नाही. त्यांनी कोड लिहिला, आपण आटे पाडतो.

‘एका गाडीनं काय होतंय, ट्रॅक्टर बघ केवढा धूर सोडतोय!’ हे उत्तर ठरलेलं आहे. काळा धूर दिसतो. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही की त्याला वास येत नाही. आणि पीयूसीच्या भरवशावर राहू नका. तिथे गाडी उभी करून मोजतात, नायट्रोजनच्या ऑक्साइडला तर हातच लावत नाहीत.

एक मुद्दा मात्र मान्य. काही जण बिनजाळीचा नाही, तर मोकळ्या जाळीचा पाइप बसवतात. त्यात जाळी काम करत असूनही ईसीयूला ती अपुरी वाटते आणि दिवा लागतो. त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. तरी त्यांनाही सांगेन, सेन्सर मुका केलात की पुढे ती जाळी खरोखर तुटली किंवा तेलानं माखली तर कळणार कसं? शिवाय बऱ्याच नव्या गाड्यांत मागच्या सेन्सरवरून इंधनाचं बारीक समायोजनही होतं, त्याचा हिशेब बिघडतो. कायद्याचं म्हणाल तर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आलेली आहे. ज्याला खरंच रेस करायचीय त्याच्यासाठी कोइमतूरला कारी ट्रॅक आहे.

आता सर लोकांना एक विनंती. (जर्नलमध्ये आदल्या बॅचची रीडिंग उतरवून ‘ग्राफ बरोबर आला’ म्हणणाऱ्या आम्हा पोरांचा विषय पुन्हा कधीतरी.) वर्कशॉपमध्ये बाहेरचा जॉब घेताना तो कशासाठी आहे हे रजिस्टरवर लिहून घ्यावं. आणि आयसी इंजिनच्या प्रॅक्टिकलला एखादी चालू गाडी आणून ओबीडी स्कॅनर जोडावा. आधी दोन्ही सेन्सरचे व्होल्टेज पडद्यावर शेजारी शेजारी दिसू देत. मग मागच्याला स्पेसर लावावा, लॅबमध्ये, उघडपणे, आणि निघताना काढून टाकावा. तेवढ्यापुरता तो लेथवर करायला मी तयार आहे.