पहाटेचा रस्ता कुणाचा?

मोठ्या शहरात पहाटे धावणारा माणूस दिसला की आपण समजतो, याला डॉक्टरांनी सांगितले असणार किंवा जानेवारीतली मुंबईची मॅरेथॉन जवळ आली असणार. आमच्या हिंगोली जिल्ह्यात पहाटे धावणारा दिसला की कुणीही विचारतो, "भरती कधी आहे रे?" औंढ्याच्या, कळमनुरीच्या, सेनगावच्या रस्त्याने पाचच्या अंधारात जी मुले-मुली धावतात, त्यांच्यासाठी धावणे हा छंद नाही. ती नोकरीची वाट आहे.

पोलीस शिपायाच्या भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानात निम्मे गुण मिळाले तरच लेखी परीक्षेच्या यादीत नाव येण्याची आशा. राज्य राखीव पोलीस बलासाठी तर ५ किलोमीटरची धाव आहे, आणि त्या बलाचा गट क्रमांक १२ आमच्या हिंगोलीतच आहे. गणवेशातली माणसे रोज डोळ्यांपुढे दिसतात, त्यामुळे स्वप्नही हाताशी असल्यासारखे वाटते.

चाचणी पाच-सहा मिनिटांची. तयारी मात्र महिनोन् महिन्यांची. १६०० मीटरसाठी आठ-दहा किलोमीटर कशाला धावायचे, असे घरातली वडील मंडळी विचारतात. त्याचे कारण साधे आहे. लांब पल्ल्याच्या संथ धावेने हृदय आणि फुप्फुसे दमदार होतात, पायांतले स्नायू व सांधे भार सोसायला शिकतात. वेग त्या पायावर चढवायचा असतो. रोजच जीव तोडून धावणारा मुलगा वेगवान होण्याआधी नडगीच्या दुखण्याने घरी बसतो.

माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे कोणत्याही गोष्टीचा जमाखर्च मांडायची सवय जडली आहे. एका किलोमीटरला सात मिनिटे धरली तर दहा किलोमीटरला सत्तर मिनिटे लागतात. अंग मोकळे करणे, जाणे-येणे धरून दोन तास. आठला शेतात, दुकानात किंवा गुत्तेदाराच्या कामावर हजर व्हायचे, तर साडेचारला उठणे आले. सात तास झोप हवी असेल तर रात्री साडेनऊला अंथरूण गाठले पाहिजे. इथेच हिशेब बिघडतो. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की मोटार सुरू करायला याच मुलाला जावे लागते. हळदीची काढणी, शिजवणी सुरू झाली की घरातले सगळे हात लागतात. झोपेतून केलेली उचल शरीर व्याजासकट वसूल करते. रात्रभर पाणी दिलेल्या मुलाने पहाटे लांब धावू नये, तासभर जास्त झोपावे, हे त्याला सांगणारे कुणीतरी घरात हवे. लांब धाव आठवड्यातून एकदाच असावी. तीही कामाचा ताण कमी असलेल्या दिवशी.

नोकरी सांभाळून मोठा धावपटू होता येते का? जपानचा युकी कावाउची सायतामा प्रांताच्या सरकारी नोकरीत होता, एका शाळेच्या कचेरीत काम करायचा. दुपारी कामावर जाण्याआधी सकाळी एकदाच सराव, आणि लांब धाव सुट्टीच्या दिवशी. हाच कारकून २०१८ साली थंडी-पावसात बोस्टनची मॅरेथॉन जिंकला. आपल्या मराठवाड्यात बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आहे. शाळेसाठी रोजची सहा किलोमीटरची पायपीट, बारावीनंतर महार रेजिमेंट, सियाचीन. आणि मग २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक. पाय आमच्याकडे आहेत. नाही ती धावायला जागा.

२०२५ च्या जानेवारीत बीड-परभणी रस्त्यावर घोडका राजुरी फाट्याजवळ भरतीची तयारी करणारी मुले पहाटे धावत होती. एसटीची धडक बसली आणि तीन तरुण गेले. ही बातमी दोन दिवस छापून आली आणि मागे पडली. आमच्या जिल्ह्यातून अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्ग जातो. रस्ता गुळगुळीत झाला तसा वाहनांचा वेगही वाढला. धावणाऱ्यालाही तोच गुळगुळीत रस्ता हवासा वाटतो. वाहनांच्या समोरून, कडेने, पांढरे कपडे घालून आणि कानात काही न घालता धावावे, हे मुलांना सांगायलाच हवे. पण सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. तालुक्याच्या क्रीडा संकुलाचे, शाळेच्या मैदानाचे फाटक साडेचारला उघडणे, चार दिवे लावणे, पिण्याच्या पाण्याची सोय करणे, यासाठी कोट्यवधींची योजना लागत नाही. किल्ली कुणाकडे राहील, एवढाच प्रश्न असतो.

मुलींसाठी तर हे फाटक अधिकच महत्त्वाचे. सरकारी नोकरीत त्यांना ३० टक्के आरक्षण आहे, पण पहाटेच्या अंधारात आरक्षण उपयोगी पडत नाही. ती धावायला निघाली की सोबत भाऊ किंवा बाप सायकल घेऊन येणार. तो आला नाही तर त्या दिवशीचा सराव बुडाला. परत आल्यावर भावापुढे चहा येतो, तिच्यापुढे भाकरीचे पीठ. दोघांची धाव सारखी धरायची असेल तर सकाळचे काम घराने वाटून घेतले पाहिजे.

२०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे शंभरांत एकाला नोकरी. उरलेल्या नव्याण्णवांचे काय, हे त्यांच्या आईबापांनी भरतीच्या आधीच मनाशी ठरवायला हवे. यादीत नाव नसले की "एवढे धावून काय मिळवलेस?" हा प्रश्न पहिल्यांदा घरातूनच येतो, आणि तो मैदानातल्या अपयशापेक्षा जास्त लागतो. ज्याने दोन वर्षे साडेचारला उठून, काम सांभाळून, स्वतःला शिस्त लावली, तो पोर वाया गेलेला नाही. त्याच्यासाठी दुसरा अर्ज, दुसरा धंदा, पुढचे शिक्षण यांची चर्चा चुलीपाशी आजच सुरू करा. आणि गावातल्या शाळेच्या फाटकाची किल्ली कुणाकडे आहे, तेवढे उद्या विचारून या.