मुक्त प्रणाली आणि चिपमधील बंद दार

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे नियमित पाठबळ थांबवले. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि ठरावीक नवे प्रोसेसर अनिवार्य असल्याने, सुस्थितीतील अनेक संगणकांवर अडगळीत जाण्याची वेळ आली. त्यांवर लिनक्स बसवावी, हा सल्ला रास्त आहे. मात्र तो अपुरा आहे.

जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या त्रुटी उघड झाल्या. वेग साधण्यासाठी प्रोसेसर पुढील सूचना अंदाजाने आधीच पार पाडतो. अंदाज चुकल्यास निकाल टाकून दिला जातो. पण कॅशेमध्ये त्याचा माग उरतो आणि त्यावरून संरक्षित मेमरीतील पासवर्डही टिपता येतो. दोष चिपच्या रचनेतच असल्याने प्रणाली बदलून तो जात नाही.

मेल्टडाउनवर लिनक्सच्या कर्नलने उपाय योजला. त्यापायी काही कामांचा वेग मंदावला. स्पेक्टरवरील काही उपायांना मात्र मायक्रोकोड लागतो आणि तो निर्मात्याकडूनच यावा लागतो. एप्रिल २०१८ मध्ये इंटेलने काही जुन्या प्रोसेसर-मालिकांसाठी तो देणार नसल्याचे स्पष्ट केले. मुक्त प्रणालीचे स्वातंत्र्य येथे अडते.

म्हणूनच शाळा, ग्रंथालये व कार्यालयांनी जुने संगणक लिनक्सवर नेताना केवळ वायफाय आणि प्रिंटर चालतो का, एवढेच पाहू नये. टर्मिनलवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिल्यास कोणत्या त्रुटीवर उपाय लागू आहे आणि कोणती उघडी आहे, हे दिसते. त्रुटी उघडी असलेला संगणक टंकलेखनाला चालेल. बँकेच्या व्यवहारांना नव्हे.