जीभ बधिर झाली, तर वेळ पाहा

जीभ बधिर झाली की आमच्याकडे पहिला संशय अळू-सुरणावर जातो. तो पुष्कळदा खराही असतो. जोयडा तालुका कंदमुळांचा. बाजारकुणंगसारख्या रानालगतच्या गावी कंद रोजच्या जेवणातला. कच्च्या कंदात सुईसारखे बारीक क्षार असतात, ते जिभेला टोचतात. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजविल्यास खाज कमी होते. चुन्याचे पान खाल्ल्यानेही जीभ पोळते. हा त्रास काही वेळाने आपोआप उतरतो. मात्र जीभ किंवा घसा सुजून श्वास अडू लागला, तर घरी थांबू नये.

पण प्रत्येक बधिरपणा कंदावर ढकलणे घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्रास कसा सुरू झाला, हे आधी पाहावे.

एकाएकी जीभ जड झाली, बोलणे अडखळू लागले, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात समजावा. रक्ताची गाठ विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. तेल चोळीत बसण्यात ती वेळ निघून जाते.

रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या, जीभ वळेना, घोट गिळवेना, तर मण्यार चावली असण्याचा संभव धरावा. तिचा दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. येथे मंत्र किंवा झाडपाला उपयोगी नाही. विषावरची लस आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास हाच उपाय. कर्नाटक सरकारने २०२४ साली सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, ती उगीच नव्हे.

हळूहळू येणारा बधिरपणा वेगळा. जीभ लाल, गुळगुळीत होऊन चुरचुरत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा मधुमेह असू शकतो. रक्त तपासावे. दूध, अंडी, मासे यांतून बी-१२ मिळते. नुसत्या भातातून नाही.

जिभेवर पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांहून अधिक न भरणारी जखम असेल, तर कर्करोगाची तपासणी करावी. आमच्या जिल्ह्यात सुपारीच्या बागांवर अनेकांचे पोट चालते, तरी हे सांगितलेच पाहिजे: तंबाखूशिवायची सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे. पीक विकावे, दिवसभर गालात धरू नये.

आमची सूचना एवढीच. रात्री-अपरात्री कोणाची गाडी निघेल, विषावरची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे, हे प्रत्येक वाड्याने पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावे. १०८ ला फोन करावाच. पण रेंज नसेल तेथे शेजाऱ्याची जीपच उपयोगी पडते. शेजारधर्म म्हणतात तो हाच.