सुमारे सहाशे

‘रामदास’ बुडाली तो समुद्र बघायला जानेवारीतल्या एका रविवारी मी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो. बघायला तिथे काहीच नाही. काशाचा खडक कुठे, असं शेजारच्या मावशींना विचारलं. त्यांनी हात हलवून ‘तिकडं’ म्हटलं आणि पाटी पायाशी ओढून घेतली.

17 जुलै 1947. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं, गटारी तोंडावर, गावी निघालेल्या माणसांनी बोट भरलेली. सकाळी सुटलेली बोट तासाभरात उलटली. बातमी शहरात पोचली ती काही तासांनी, वाचलेली माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा. काहींना कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं, म्हणून ती जगली.

मेले किती? सहाशेच्या वर. नेमके किती, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. माझं भांडण या ‘सुमारे’शी आहे.

या बोटीबद्दल आपल्याकडे ऐकायला मिळतं ते काय? दर्या कोपला. दिवसच वाईट होता. बोटींना संतांची नावं देऊ नयेत. 1927 साली ‘तुकाराम’ही बुडाली होती ना! पण तिच्याबरोबर त्याच दिवशी ‘जयंती’ही बुडाली, ती कोणत्या संताची? अशा गोष्टी सांगायला सोप्या असतात, कारण त्यांत कुणालाच जाब विचारावा लागत नाही. बोट मात्र नावाने उलटत नाही. वरच्या डेकवर गर्दी वाढली की गुरुत्वमध्य वर सरकतो. लाटेने बोट कलली आणि माणसं घाबरून एका बाजूला धावली, की तिला सावरायला वाव उरत नाही. हे गणित 1947 मध्येही जुनंच होतं.

‘टायटॅनिक’चाही आकडा थोडा मागेपुढे होतो. पण तिथे माणसांची नावानिशी यादी आहे आणि त्या मरणांतून नियम निघाले: प्रत्येकाला पुरतील इतक्या जीवनरक्षक होड्या, चोवीस तास बिनतारी यंत्रावर माणूस. ते जहाज कसं तुटलं हे माझ्या ऑफिसातला निम्मा मजला सांगू शकेल. ‘रामदास’ म्हटल्यावर एकाने विचारलं, “स्वामी?”

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमचा सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला तरी त्यावर बैठक होते, अहवाल लिहिला जातो. सर्व्हरवर आलेल्या प्रत्येक विनंतीची वेळेसकट नोंद असते. ‘सुमारे दहा हजार विनंत्या वाया गेल्या’ असं म्हणालो, तर साहेब विचारेल, सुमारे म्हणजे काय? आणि त्या लाँचच्या तिकीट खिडकीवर मला नाव विचारलं नाही. चढताना कुणी डोकी मोजलेली दिसली नाहीत. जीवरक्षक जॅकेटं छताला बांधलेली होती, सुतळीने, पक्क्या गाठीने. मी एक सोडवायचा प्रयत्न केला, तर खलाशी हसून म्हणाला, “भाऊ, आज समुद्र झोपलाय.”

18 डिसेंबर 2024 लाही समुद्र झोपलेलाच होता. घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 जण गेले. धडक तिची चूक नव्हती. पण परवाना 84 प्रवाशांचा आणि बोटीवर शंभराहून जास्त माणसं, ही गोष्ट त्या धडकेच्या आधीच, धक्क्यावर घडून गेली होती.

याला कुणी म्हणेल, रोजच्या प्रवासाला एवढी सोंगं परवडत नाहीत. तिकीट महागेल, लाँच सुटायला उशीर होईल. चढणारी माणसं मोजायला एक माणूस आणि एक वही लागते. ही लाँच कितींची आहे आणि आत्ता किती चढलेत, एवढं एका फळ्यावर खडूने लिहायला काय पैसे पडतात?

धक्क्यावर मी ‘रामदास’चं नाव शोधलं. मला कुठे दिसलं नाही. स्मारक बांधावं असं मी म्हणत नाही. बांधलं तर वर्षातून एकदा हार पडेल. त्यापेक्षा तो फळा टांगा.

परतीच्या लाँचमध्ये मी माणसं मोजायला लागलो. बासष्टपर्यंत आलो, तोवर तीन पोरं जागा बदलून पळाली आणि मोजणी चुकली. मोजण्याचं काम प्रवाशाचं नसतंच. धक्क्याला उतरलो तेव्हा आम्ही किती होतो? सुमारे सत्तर.