देखणा खलपुरुष आणि मुके बळी

नागपूरहून हैदराबादकडे निघालेली मोटार आज पांढरकवडा आणि पाटणबोरी मागे टाकून पैनगंगेच्या पुलावर येते, तेव्हा आतले निम्मे प्रवासी झोपेत असतात. दोनशे वर्षांपूर्वी या मुलखातून दक्षिणेस निघालेल्या वाटसरूला अशी झोप परवडत नसे. आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तरेस उमरावतीची श्रीमंत पेठ, दूर दक्षिणेस निझामाची राजधानी आणि मध्ये कित्येक दिवसांची वाटचाल. अशा वाटेवर एखादा सुसंस्कृत, मिठ्ठास वाणीचा सोबती भेटला, तर वाटसरू देवाचे आभार मानी. ठगांचा धंदा नेमका या कृतज्ञतेवर चालत असे.

निझामाच्या नोकरीतील इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने या धंद्यावर ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली. ती १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. नागपूर, उमरावती, हैदराबाद ही तिच्या मार्गावरची ठिकाणे आहेत. हाच टेलर पुढे नळदुर्गला आणि १८५७च्या धामधुमीत वऱ्हाडात बुलढाण्याला अधिकारी होता. कादंबरीचा नायक अमीर अली माफीचा साक्षीदार झालेला ठग आहे आणि तो एका गोऱ्या साहेबाला आपली जीवनकहाणी सांगतो आहे. तो देखणा आहे, शूर आहे, वेशभूषेचा शौकीन आहे, बायकोमुलांवर जीव टाकणारा आहे. आणि ७१९ माणसांच्या हत्येत आपला हात होता, हे तो जराही न डगमगता सांगतो.

ठगांच्या सांकेतिक भाषेत प्रत्येक कामाला नाव होते. वाटसरूला बोलण्यात गुंतवून विश्वासात घेणारा तो ‘सोथा’. रुमालाचा फास टाकणारा वेगळा, खड्डा खणणारा वेगळा. टोळीत सोथ्याचा मान मोठा, कारण त्याच्या जिभेवर सगळ्यांचे पोट. ठगीचे जे चित्र कंपनी सरकारने रंगवले, त्यात अतिशयोक्ती किती आणि सत्य किती, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. परकीय सत्तेला आपल्या राज्याचे समर्थन करण्यासाठी असे चित्र सोयीचे होते, हेही खरे. तथापि, टेलरने साहित्यात जो नमुना उभा केला, तो मात्र त्याच्या काळापुरता राहिला नाही. गोड बोलणारा, निर्विकारपणे जीव घेणारा आणि तरीही वाचकाला हवाहवासा वाटणारा नायक तेव्हापासून आजतागायत वेश बदलून येतोच आहे.

पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेने १९५५ साली टॉम रिप्ली उभा केला. मित्राचा खून करून त्याचेच नाव आणि पैसा वापरणारा हा तरुण शेवटी निसटतो आणि वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. आपल्याकडे १९९३ या एकाच वर्षी ‘बाजीगर’ आणि ‘डर’ हे दोन चित्रपट आले. पहिल्यात नायक प्रेयसीला इमारतीच्या गच्चीवरून ढकलून देतो. दुसऱ्यात एका विवाहितेच्या मागे लागलेल्या माथेफिरूपुढे तिचा कर्तबगार नौदल अधिकारी पती प्रेक्षकांना फिका वाटला. आता तर यासाठी चित्रपटगृहापर्यंत जाण्याचीही गरज उरलेली नाही. दिवाणखान्यातल्या पडद्यावर आणि मुलांच्या हातातल्या मोबाइलवर असे नायक मालिकांच्या रूपाने दहा-दहा भाग मुक्कामाला येतात.

याला केवळ ‘विकृती’ म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण सभ्य, पापभीरू, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावून जाणारी माणसे असा नायक पाहताना खुर्चीच्या कडेवर का सरकतात, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्याचे पहिले कारण माणसाच्या रोजच्या जगण्यात आहे. कर्जाचा हप्ता, साहेबाची मर्जी, नातेवाइकांचा मानापमान, मुलांच्या शिक्षणाची चिंता या साऱ्यांत मध्यमवर्गीय माणूस पावलोपावली स्वतःला आवरत असतो. ज्याला कशाचीच भीती नाही, कशाचीच लाज नाही, असा माणूस पाहताना त्याला घटकाभर मोकळे वाटते. दुसरे कारण कौशल्याचे. कोणतेही काम कोणी सफाईने करत असेल, तर ते पाहण्यात माणसाला आनंद होतो. ते काम कोणते, याचा विचार मागाहून येतो. तिसरे आणि सर्वांत प्रभावी कारण म्हणजे गोष्ट सांगणारा आवाज. ज्याच्या तोंडून कथा ऐकायची, त्याच्या बाजूने मन आपोआप झुकते. पोलीस दाराशी आले की ‘हा सापडू नये’ असे वाटू लागते. त्या क्षणी वाचक टोळीत सामील झालेला असतो. सोथ्याने त्यालाही गाठलेले असते!

हर्वे क्लेकली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९४१ साली ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ हा ग्रंथ लिहिला. शहाणपणाचा मुखवटा असा त्याचा अर्थ. या मनोविकृतीची जी लक्षणे त्याने नोंदवली, त्यांत अग्रस्थानी होते वरवरचे मोहक वागणे आणि चांगली बुद्धिमत्ता. पश्चात्तापाचा, लज्जेचा आणि खऱ्या प्रेमाचा अभाव हे त्यामागचे सत्य. त्याने वर्णिलेली बहुतेक माणसे खुनी नव्हती. ती फसवणारी, उसने घेऊन बुडवणारी, घरच्यांना देशोधडीला लावणारी होती. सामान्य कुटुंबाची गाठ पडते ती अशांशीच. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावरचा सुसंस्कृत वर, वर्षात दामदुप्पट देणाऱ्या योजनेचा नम्र प्रतिनिधी, ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देत निवृत्त शिक्षकाची पुंजी लुटणारा, दूरध्वनीवरचा भारदस्त आवाज, हे सारे आजचे सोथे आहेत. म्हणून हा विषय केवळ साहित्यचर्चेपुरता उरत नाही. कथेने गोडबोल्याला ओळखायला शिकवले की त्याच्यावर भाळायला शिकवले, याचा हिशेब शेवटी घराच्या उंबरठ्यावर होतो.

मराठी रंगभूमीने हा प्रश्न १९६२ सालीच हाताळला आहे. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक माधव काझी याच्यावरील गाजलेल्या खटल्याच्या आधारे उभे राहिले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवणारा लखोबा लोखंडे आरोपी म्हणून न्यायालयात उभा आहे. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज अशी रूपे घेऊन त्याने माणसे फसवली, स्त्रियांची आयुष्ये नासवली. प्रभाकर पणशीकरांनी ही सारी रूपे रंगवली आणि फिरत्या रंगमंचावरचा त्यांचा पेहराव-पालट पाहायला महाराष्ट्र लोटला. लखोबाच्या हजरजबाबीपणावर प्रेक्षक पोट धरधरून हसले. मग अत्र्यांनी ठगाचे उदात्तीकरण केले, असे म्हणायचे का?

म्हणता येणार नाही. आणि त्याचे कारण नाटकाच्या बांधणीत आहे. अत्र्यांनी कथा न्यायालयात घडवली. लखोबा कितीही बोलला, तरी बोलण्याचा हक्क त्याच्या एकट्याचा नाही. फसवले गेलेले एकेक जण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात आणि आपल्या तोंडाने आपली हकीकत सांगतात. लखोबाच्या विनोदावर नुकतेच हसलेले प्रेक्षागृह पुढच्याच साक्षीला गप्प होते. आपण कशावर हसलो, हे त्याला कळून चुकते. मोहिनी घालायची आणि ती उतरवायचीही, अशी दोन्ही कामे नाटककाराने केली आहेत.

टेलरच्या अमीर अलीच्या कथेत असा पिंजरा नाही. तिथे बोलतो तो एकटा माफीचा साक्षीदार. ७१९ बळींपैकी एकालाही वाचा नाही. मात्र अखेरीस टेलर एक घाव घालतो. एका प्रवासात आपण जिचा जीव घेतला, ती आपली सख्खी बहीण होती, हे अमीर अलीला फार उशिरा समजते. लहानपणी ताटातूट झालेली ती बहीण गळ्यातल्या ताइतावरून ओळखू येते आणि हा निर्विकार माणूस प्रथमच हादरतो. इतरांच्या वेळी त्याचे काळीज का हलले नाही? कारण ते ‘आपले’ नव्हते. त्याच्या मनोविकृतीचे सारे मर्म या एका ठिकाणी उघडे पडते. पण बोट केवळ त्याच्याकडे दाखवून भागत नाही. तीन खंड रंगून वाचणाऱ्या वाचकालाही ती माणसे आपली वाटली नव्हती. पुढच्या मुक्कामावर कोण सापडतो, एवढीच त्याची उत्सुकता होती.

कथेतला हा संसर्ग वास्तवातही पसरतो. चार्ल्स सोभराज हे त्याचे ठळक उदाहरण. १६ मार्च १९८६ रोजी गुंगीची मिठाई चारून तो तिहारमधून पळाला. पुढच्याच महिन्यात गोव्यात पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ उपाहारगृहात मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे यांनी त्याला जेरबंद केले. झेंडे यांनीच १९७१ सालीही त्याला पकडले होते. त्या उपाहारगृहात नंतर पुतळा बसला, तो पकडलेल्याचा! पर्यटक त्याच्याशेजारी बसून छायाचित्रे काढू लागले. सोभराजवर पुस्तके निघाली, २०१५ साली हिंदी चित्रपट आला, २०२१ साली परदेशी मालिका आली. १९७५ सालच्या काठमांडूतील खुनासाठी नेपाळमध्ये जन्मठेप भोगत असलेला हा गुन्हेगार डिसेंबर २०२२मध्ये सुटून फ्रान्सला गेला, तेव्हाही त्याच्याभोवती कॅमेऱ्यांची झुंबड होती. चिन्मय मांडलेकर दिग्दर्शित ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा चित्रपट यायला मात्र २०२५ साल उजाडावे लागले. पकडणाऱ्याला निदान चार दशकांनी न्याय मिळाला. ज्यांचे जीव गेले, त्या तरुण प्रवाशांपैकी एकाचे तरी नाव किती जणांना सांगता येईल?

यावर उपाय म्हणून गुन्हेगाराला नायकपदावरून हद्दपार करा, अशी मागणी कोणी करील, तर तीही एकांगी ठरेल. यवतमाळला १९७३ साली मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. ‘गीतरामायणा’चे कवी म्हणून घराघरांत वंदनीय असलेल्या गदिमांनीच व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ सालच्या चित्रपटाची कथा लिहिली होती. तिच्या केंद्रस्थानी आहेत सहा खुनी कैदी. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग या कथेमागे होता. ते सहा जण मोहक नाहीत. ओबडधोबड आहेत, संतापी आहेत. पण आदिनाथ जेलरच्या दोन डोळ्यांचा धाक हळूहळू त्यांच्या मनात उतरतो आणि त्यांच्यात पश्चात्ताप उगवतो. प्रभू रामचंद्राचे चरित्र गाणाऱ्या कवीला खुन्यांची कथा वर्ज्य वाटली नाही. वाल्याची गोष्ट सांगणाऱ्या समाजाला ती वर्ज्य वाटण्याचे कारणही नाही. वाल्या आपल्या स्मरणात राहिला, तो त्याच्या लुटीच्या सफाईमुळे नव्हे. पापात वाटेकरी कोण, या प्रश्नापाशी तो थबकला, म्हणून राहिला. आजच्या देखण्या खलपुरुषाला हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचे काय होते, हे यवतमाळ जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. कापसाच्या या जिल्ह्याने शेतकरी आत्महत्यांचे दुःख वर्षानुवर्षे सोसले आहे. तिथे मारेकरी म्हणून बोट दाखवावा असा एखादा देखणा ठग नसतो. पण बळी जातो आणि बातमी संपते, हे तिथेही घडते. जानेवारी २०१९मध्ये याच शहरात ९२वे साहित्य संमेलन भरले. वादंगाच्या धुरळ्यात झालेल्या त्या संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी ‘तेरवं’ या नाटकातून रंगभूमीवरही उभी राहिली. गोष्ट जिथे थांबली असे सर्वांना वाटते, तिथून पुढे एका बाईला घर चालवायचे असते, लेकरे वाढवायची असतात. त्या पुढच्या कथेला व्यासपीठ मिळाले, हे त्या संमेलनाचे मोठे श्रेय.

कथेतल्या ठगाला जोखण्याची कसोटीही याहून वेगळी नाही. त्याने ज्यांना उद्ध्वस्त केले, त्यांना त्या कलाकृतीत नाव आहे का, चेहरा आहे का, चार वाक्ये बोलण्याची संधी आहे का? असेल, तर खलपुरुष कितीही मोहक असू द्या, ती कलाकृती वाचकाला शहाणे करून सोडील. नसेल, तर कितीही कौशल्याने रचलेली असली, तरी ती माफीच्या साक्षीदाराची एकतर्फी जबानीच.

घरातल्या तरुणांच्या हातून मोबाइल हिसकावून घेतल्याने काही साधणार नाही. बंदीने कुतूहल वाढते, हा सर्वांचाच अनुभव आहे. त्यापेक्षा रात्रीच्या जेवणाला सारे एकत्र बसले असताना, नुकत्याच संपलेल्या मालिकेबद्दल मुलांना एक साधा प्रश्न विचारावा. नायकाने मारलेल्या माणसाचे नाव काय होते? तो आठवड्यातून कोणाला पत्र लिहीत होता, कोणाचा मुलगा होता? उत्तर येत नसेल, तर त्या शांततेतच पुष्कळ काही कळेल. आणि उद्या वाटेवर एखादा फारच गोड बोलणारा सोबती भेटला, तर तीच मुले क्षणभर थांबून त्याच्या मागे चालत असलेल्या टोळीकडेही पाहतील.