श्रेणीधर्माचे विस्मरण नको

नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखानुसार, उषवदाताने भिक्षूंच्या निर्वाहासाठी ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे सोपविली. व्यावसायिकांच्या संघटनेवर समाजाचा एवढा विश्वास होता!

१९४१ मध्ये स्थापन झालेली ‘बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया’ ही बांधकाम कंत्राटदारांची आधुनिक श्रेणीच होय. कंत्राटातील जाचक अटी, थकलेली देयके यांविरुद्ध तिने आवाज उठविणे रास्तच. परंतु श्रेणी केवळ हक्कांसाठी नसते. मजूरकल्याणासाठी बांधकाम खर्चावर उपकर बसविणारा कायदा १९९६ मध्ये शासनाला करावा लागला, हे भूषणावह नव्हे. परांचीवरून मजूर कोसळला, तर सरकारी निरीक्षकाच्या आधी संघटनेनेच आपल्या सदस्याला जाब विचारावा. समाजाचा विश्वास कायद्याने नव्हे, अशा आत्मानुशासनानेच मिळतो.