शापाच्या आधी बाण होता

मराठीच्या वर्गात हरीण अवतरले की त्याच्या मागोमाग एक शापही येतो. पंडूने हरणाच्या जोडप्यावर बाण सोडले आणि किंदम ऋषीने त्याला शाप दिला. दशरथाने शरयूच्या काठी अंधारात बाण सोडला आणि आंधळ्या पित्याने त्याला शाप दिला. जरा नावाच्या व्याधाने कृष्णाचा पाय हरीण समजून वेधला. तेथे शाप आधीच देऊन झालेला होता. मग प्राध्यापक नियतीवर बोलतात, कर्मविपाकावर बोलतात, विद्यार्थी टिपणे घेतात आणि तास संपतो. या तिन्ही कथा तिरकमठ्याच्या शिकारीच्या आहेत, शिकार ही एक विद्या आहे आणि या तिघांनी त्या विद्येचे कोणते नियम मोडले हे त्या कथांतच नोंदलेले आहे, याचा उच्चारही होत नाही. आमची तक्रार नेमकी येथे आहे. शापाच्या आधी बाण होता, आणि बाणाच्या आधी वाट पाहणे होते. आमचे मराठी विभाग हे दोन्ही वगळून थेट शापावर उडी मारतात.

आदिपर्वातला पंडू-किंदम संवाद ज्यांनी मुळातून वाचला आहे त्यांना ठाऊक असेल की तो अहिंसेवरचा वाद नाहीच. किंदम स्पष्ट म्हणतो की हरणे मारलीस म्हणून मी तुला दोष देत नाही. मैथुन पुरे होईतो तू थांबायला हवे होतेस. पंडूही आपली बाजू मांडतो. हरणे उघडपणे मारावीत वा लपून मारावीत, राजाला दोन्ही चालते, असे तो सांगतो आणि अगस्त्याचा दाखला देतो. म्हणजे वादाचे मुद्दे दोन: दबा धरणे न्याय्य आहे की नाही, आणि धीर धरणे बंधनकारक आहे की नाही. पहिल्या मुद्द्यावर दोघांचे फारसे भांडण नाही. दुसऱ्यावर एक माणूस जीव गमावतो आणि दुसरा वंश. हा संवाद कोणत्याही नवशिक्या शिकाऱ्यासाठी पहिला धडा म्हणून वाचता येईल असा आहे. तो आपण ‘कामवासनेचा दुष्परिणाम’ या मथळ्याखाली शिकवतो!

दशरथाचे प्रकरण तर याहून सरळ. तरुण राजपुत्र, शब्दवेधाचा अभिमान, पावसाळी रात्र. घडा भरण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटतो. जरा व्याधाला पाय दिसतो, पण ज्याचा तो पाय आहे तो दिसत नाही. जे पुरते दिसले नाही त्यावर बाण सोडू नये, हा तिरकमठ्याचा अगदी प्राथमिक नियम. आपल्या दोन महाकाव्यांच्या सांध्यांवर हा नियम मोडल्याच्या घटना बसवलेल्या आहेत, हे आम्हाला योगायोगाचे वाटत नाही. ज्या श्रोत्यांपुढे या कथा सांगितल्या गेल्या त्यांत धनुष्य हाताळलेले लोक होते. चूक कोठे झाली हे त्यांना शाप उच्चारला जाण्यापूर्वीच कळत असणार.

आता ही विद्या म्हणजे काय, ते आमच्या परिसरातल्या रानाच्या संदर्भात पाहू. साध्या तिरकमठ्याची खात्रीची मजल तीस-चाळीस पावलांची. बंदूकवाला दोनशे पावलांवरून काम भागवतो. त्याला सांबराच्या नाकाशी आणि चितळांच्या कळपातल्या वीस जोड डोळ्यांशी फारसे देणेघेणे नसते. धनुर्धराला असते. शिवाय एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लाकडी धनुष्याचा बाण सेकंदाला पन्नासेक मीटर जातो आणि ध्वनी तीनशे चाळीस. पंचवीस मीटरवर बाण पोहोचायला अर्धा सेकंद लागतो. प्रत्यंचेचा टणत्कार त्याच्या कितीतरी आधी हरणाच्या कानी पडतो. सावध जनावर तेवढ्या अवधीत खाली दबते आणि वळते. म्हणून ते निर्धास्त असतानाच बाण सुटला पाहिजे. आणि ते निर्धास्त असायचे, तर माणूस तेथे नसल्यासारखा असला पाहिजे.

मेळघाटात हे किती अवघड आहे पाहा. रान सागाचे. माघ-फाल्गुनात सागाची पाने गळून जमिनीवर जो कडकडीत पापड अंथरला जातो त्यावरून मांजरही निःशब्द चालू शकत नाही. अशा दिवसांत माग काढत हिंडणे व्यर्थ, बसावे लागते. कोठे बसायचे, हे वारा ठरवतो. डोंगराळ मुलखात ऊन चढले की हवा उताराने वर सरकते आणि दिवस कलला की खाली उतरू लागते. सकाळची योग्य जागा संध्याकाळी घातक ठरते. काय पाहत बसायचे, हे झाडे ठरवतात. मोहाची फुले गळू लागली की चितळे पहाटे त्या झाडांखाली येतात. वानरे वर पाला खातात, निम्मा खाली टाकतात, तो वेचायला चितळे त्यांच्या मागे असतात; आणि वानराचा खकारा झाला की तास-दोन तासांची बैठक एका क्षणात वाया जाते. पुन्हा उठायचे, पुन्हा बसायचे. बाण लागला तरी हरीण जागीच कोसळत नाही. ते धावते, आणि तेव्हाही लगेच उठायचे नसते. ते थकून बसेपर्यंत थांबायचे आणि मग रक्ताच्या थेंबांवरून, मोडलेल्या काडीवरून माग काढायचा. माग हा शब्द ‘मार्ग’वरून आला आणि मार्ग हा ‘मृग’वरून. मृगया म्हणजे मुळात शोध. मार्गण म्हणजे शोधणे आणि मार्गण म्हणजे बाणही. भाषाविज्ञानाच्या तासाला ही व्युत्पत्ती आपण फळ्यावर लिहितो आणि पुसतो.

(जाता जाता: पाठ्यपुस्तकाच्या टिपांत ‘हरीण’ हा एकच प्राणी असतो. चितळ-सांबराची शिंगे दरवर्षी गळतात, काळविटाची गळत नाहीत; पहिले दोन रानातले, तिसरा उघड्या माळावरचा. संस्कृत-प्राकृत कवींचा कुरंग बहुतेक वेळा माळावरचा आहे. हे माहीत नसले की प्रतिमेचे भूगोलाशी असलेले नाते तुटते.)

साहित्यातही दोन शिकारी आहेत, आणि त्यांतला भेद आपण शिकवत नाही. शाकुंतलाच्या आरंभीचा दुष्यंत रथात आहे. हरीण मान वळवून मागे पाहत पळते, घोडे उधळतात, धूळ उडते. पुढे सेनापती मृगयेचे गुणगान करतो: पोट सुटत नाही, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, भय आणि क्रोध यांत प्राण्यांचे चित्त कसे बदलते ते कळते. हा व्यायाम आहे, उपजीविका नाही. आता हालाच्या गाथासप्तशतीकडे या, स. आ. जोगळेकरांची १९५६ची आवृत्ती बहुतेक ग्रंथालयांत असते. तेथला व्याध गरीब आहे. नव्या नवरीच्या सहवासात तो इतका क्षीण झाला की जड धनुष्य ओढवेना, म्हणून ते तासून हलके करतो. दारात पडलेल्या त्या ढलप्या पाहून सारा गाव काय ते ओळखतो. दुसऱ्या एका गाथेत हरीण आणि हरिणी एकमेकांना वाचवण्यासाठी आळीपाळीने बाणासमोर येतात, आणि व्याधाच्या हातचे धनुष्य आसवांनी भिजून गळून पडते. या गाथेवर ‘करुणा’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. पण ते दोघे एकमेकांना आड घेत आहेत हे दिसायला तो किती जवळ, किती वेळ, किती निश्चल बसलेला असला पाहिजे! रथातल्या दुष्यंताला ते दिसले नसते. धनुष्य टाकून देण्याची ती करुणा दबा धरण्याच्या विद्येतूनच निघालेली आहे.

यावर आमच्याच भागातला एक आक्षेप आम्हाला अपेक्षित आहे, कारण तो परिसंवादांतून वारंवार ऐकू येतो. वऱ्हाड ही महानुभावांची भूमी; लीळाचरित्रात पारध्यांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञांच्या मांडीखाली शिरतो आणि ते त्याला अभय देतात; मराठी गद्याचा उगमच शिकारीच्या निषेधात आहे. आक्षेप गंभीर आहे, पण लीळा नीट वाचलेली नाही. तेथे पारध्यांना कोणी हाकलत नाही, शाप तर नाहीच. ते ससा मागतात, त्यांच्याशी बोलणे होते, ते ऐकतात आणि जातात. चक्रधरांना पारधी हा बोलण्याजोगा माणूस वाटला. आपल्या अभ्यासमंडळांना तेवढेही वाटत नाही.

मुद्दा खरोखर येथे येतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांत पारधी होते. कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का गेला असे अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही बसस्थानकावर अर्धा तास उभा राहिलेला माणूस म्हणणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, १९७३-७४ मध्ये मेळघाट पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. या कायद्याविरुद्ध आमचा एक शब्दही नाही. तो झाला नसता तर कारंजा-सोहोळच्या अभयारण्यात आज काळवीट दिसले नसते. २०१३ साली मेळघाटात वाघांच्या शिकारीची प्रकरणे उघडकीस आली, तीही आम्ही विसरलेलो नाही. पण वाघाच्या वाटेवर लोखंडी सापळा मांडून निघून जाणे यात धीर नाही आणि निरीक्षणही थोडेच. जीपच्या प्रकाशझोतात जनावर दिपवून गोळी घालणे यात तर काहीच नाही. तिरकमठा किंवा फास वापरणाऱ्याची विद्या निराळी होती. ई-क्लासच्या गवतात फाशांची रांग लावून तितर-लाव्ह्यांना अलगद त्या दिशेने चालते करणारा, शिकवलेल्या गाईच्या आडोशाने पावलापावलाने काळविटाजवळ सरकणारा फासेपारधी त्या प्राण्याचे मन वाचत होता. मारण्याला बंदी आली हे योग्यच झाले. वाचण्याला बंदी कोणत्या कलमाने आली?

आणि तीच विद्या दुसऱ्या अंगावर घातली की तिचे नाव बदलते. दर बुद्धपौर्णिमेला मेळघाटात पाणवठ्यांलगतच्या मचाणांवर शहरातले निसर्गप्रेमी रात्र काढतात. त्यांना सूचना दिल्या जातात: भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलणे नको, हालचाल नको. शब्द न् शब्द शिकाऱ्याच्या शिकवणीतला आहे, शिकवणाऱ्याचे नाव तेवढे नाही. प्राध्यापक मचाणावर बसले की तो ‘निसर्गानुभव’; पारधी झाडाखाली बसला की ती ‘संशयास्पद हालचाल’. मराठीचीही यात साथ आहे. दबा धरणे, टपून बसणे, पाळत ठेवणे, फास टाकणे: एका विद्येची ही सारी परिभाषा आज फक्त गुन्ह्यांच्या बातम्यांत उरली आहे.

मारुती चितमपल्ली मात्र या बाबतीत प्रामाणिक होते. जून २०२५ मध्ये ते गेले तेव्हा ‘अरण्यऋषी’ या विशेषणाखाली लेखांचा पूर आला. मेळघाटात त्यांची नोकरी झाली होती, त्यामुळे आमच्याकडे तर विशेषच. पण नवेगावबांधच्या माधवराव पाटलांचे ऋण त्यांनी स्वतः किती मोकळेपणाने सांगितले आहे! माधवराव एकेकाळचे शिकारी. रान कसे पाहावे हे वनखात्याच्या अधिकाऱ्याला एका शिकाऱ्याने शिकवले. ‘ऋषी’ म्हणताच हा गुरू अदृश्य होतो. विशेषण देणाऱ्यांना बहुधा तेच हवे असते.

अमेरिकेतले उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथे धनुष्याने हरणाची शिकार हा आज परवाना काढून, ठरलेल्या हंगामात खेळला जाणारा छंद आहे. त्याच्या आधुनिक पुनरुज्जीवनाचा मोठा धागा इशी नावाच्या माणसापर्यंत जातो. याही जमातीचा तो अखेरचा माणूस. त्याचे लोक गोऱ्या वसाहतकारांनी मारून संपवले होते. १९११ साली तो कॅलिफोर्नियात एकटा, उपाशी सापडला आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला. सॅक्स्टन पोप या डॉक्टराला त्याने धनुष्य करायला आणि शिकारीला बसायला शिकवले. १९१६ साली इशी क्षयाने गेला. १९२३ साली पोपचे पुस्तक आले आणि त्यात गुरूचे नाव, त्याची पद्धत, त्याचे पथ्य सारे नोंदले गेले. ज्याची जमात संपवली त्याला संग्रहालयात ठेवणे हे काही उदारपणाचे चित्र नव्हे. तरीही तेथल्या नवशिक्याला इशीचे नाव ठाऊक असते. आपल्याकडे जमात जिवंत आहे, शेकडो मुले-मुली शाळा-कॉलेजांत आहेत, नांदगाव खंडेश्वरच्या मंगरूळ चव्हाळ्यात मतीन भोसले यांनी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळाच उभी केली. असे असता गाथासप्तशतीतला व्याध शिकवताना समोरच्या बाकावर बसलेल्या पारध्याच्या मुलाकडे पाहण्याचे आपण टाळतो. त्याला संकोच वाटू नये म्हणून, असे कारण देतात. संकोच कोणाला वाटतो ते उघड आहे.

आमची मागणी पर्यावरणवादी समीक्षेच्या आणखी एका चर्चासत्राची नाही. किंदमाचा संवाद, गाथेतला व्याध आणि लीळाचरित्रातला ससा हे तीन उतारे एका घटकात एकत्र लावावेत आणि ते शिकवताना एक दिवस रान वाचणारा जुना माणूस वर्गात बोलवावा. वारा कसा ओळखतात, गवतातला लावा न दिसता कसा कळतो, त्यासाठी पारधी बोलीत कोणते शब्द आहेत, हे त्याने सांगावे आणि मुलांनी टिपून घ्यावे. रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. त्या शब्दांचा कोश करायला याहून योग्य जागा कोणती? कारंज्याच्या ‘संवेदना’ संस्थेने माळरान राखण्याच्या कामात फासेपारध्यांना जाणकार म्हणून बरोबर घेतले. जीवशास्त्राला जे सुचले ते साहित्याला सुचू नये?

त्या माणसाला अतिथी व्याख्यात्याचे मानधन द्यावे, चहापानावर बोळवण करू नये. मानधनाच्या छापील अर्जात ‘शैक्षणिक अर्हता’ असा रकाना असतो आणि तो रिकामा राहिला की लेखा विभाग बिल परत पाठवतो. तो रकाना कसा भरायचा, एवढ्या एका प्रश्नावर जरी येत्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत भांडण झाले, तरी आम्ही त्या बैठकीला वेळेवर हजर राहू.